दाद कोणाकडे मागायची?

'नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची?' ही म्हण ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. म्हण जुनी आहे. पण तिच्यातली पावसाची बाजू केव्हाच खोटी ठरली आहे. आमच्या शिंदखेडा तालुक्यात गारपीट झाली किंवा अवकाळी पावसाने कापसाच्या उभ्या पिकाचा चिखल केला की तलाठी बांधावर येतो, पंचनामा होतो, कागद तहसील कचेरीत जातात. भरपाई किती मिळते आणि केव्हा मिळते, हा प्रश्न वेगळा. परंतु दाद मागता येते, आणि ती मागताना शेतकऱ्याला लाज वाटत नाही. शेजारी त्याला 'घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणलीस?' असे विचारीत नाहीत. नवऱ्याच्या मारापुरती मात्र ही म्हण आजही लोक खरी मानतात.

खानदेशात आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. एका गावात दोन घरे, दुसऱ्यात पाच, आणि मग कित्येक किलोमीटर नुसती कपाशी आणि बाभळी. धर्मगुरूला मोटारसायकलवरून फिरावे लागते आणि घरोघरी चहा घ्यावा लागतो. या चहाच्या निमित्ताने पुष्कळ काही कानांवर पडते. बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बोलतात, पुरुष ओट्यावर बसून बोलतात, आणि या दोन बोलण्यांचा एकमेकांशी संबंध नसावा असे कधी कधी वाटते. कौटुंबिक हिंसाचाराविषयी आपल्या लोकांच्या मनात ज्या समजुती घट्ट बसल्या आहेत, त्या मी या ओट्यांवर आणि उंबऱ्यांवर ऐकल्या आहेत. शिकलेल्या, मिस्साला नियमित येणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवणाऱ्या घरांतही त्या तशाच आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वांत अधिक ऐकू येणारी समजूत दारूची. एका माउलीने मला अहिराणीत सांगितले, "फादर, दारू पेस म्हनीसन मारस, नहीतं माणूस गैरा चांगला शे." दारू पितो म्हणून मारतो, एरवी माणूस फार चांगला! तिच्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते आणि ती नवऱ्याची वकिली करीत होती. तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी शंभरातील सत्तर जणींनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. दारूचे पाप मोठे आहे, ते कोणी लहान करू नये. पण त्याच सर्वेक्षणातली दुसरी संख्या आपण वाचीत नाही. ज्यांचे पती दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, अशा स्त्रियांतही शंभरातील तेवीस जणींनी मार खाल्लेला आहे. त्यांच्या पाठीवरचे वळ कोणत्या बाटलीच्या नावे मांडायचे?

आणि एक साधी गोष्ट पाहा. पिऊन तर्र झालेला हा माणूस दुकानदाराला मारीत नाही. वाटेत सरपंच भेटला तर त्याला नमस्कार करतो. झोकांड्या खात का होईना, स्वतःचे घर बिनचूक ओळखतो आणि तिथे पोहोचल्यावरच त्याचा हात उठतो. कोणावर हात उचलला तर चालतो, एवढी शुद्ध त्याला शेवटपर्यंत असते. उपवासकाळात दारू सोडण्याची शपथ घेणारे पुरुष मी पाहिले आहेत आणि त्यांपैकी काहींनी ती निष्ठेने पाळली, याचा मला आनंद आहे. परंतु त्यांतल्या एका घरी काही महिन्यांनी गेलो, तेव्हा त्या घरची आजी हळूच म्हणाली, "फादर, दारू सुटली. आता शुद्धीवर राहून मारतो."

शुद्धीवर राहून मारणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई (आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, वैजापूरजवळच्या शिऊरच्या) यांनी आत्मचरित्रपर अभंग लिहून ठेवले आहेत. ते १९२९ साली जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत नेले. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. कोल्हापुरास कीर्तनात जयरामस्वामींनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला, लोक त्यावर बोलू लागले, आणि त्या जेमतेम अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याने निर्दयपणे मारले. हा नवरा गुत्त्यात बसणारा नव्हता. तो वेदपाठी, शास्त्र जाणणारा ब्राह्मण होता. बायको आपल्या हाताबाहेर जाते आहे आणि लोक आपल्याऐवजी तिला मान देत आहेत, हे त्याला सोसले नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही हकीकत वाचताना मला आमच्याकडची एक शिक्षित घरे-बंगलेवाली मंडळी आठवतात. नावे अर्थातच सांगणार नाही.

दुसरी समजूत 'घरचा मामला' ही. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. भांड्याला भांडे लागायचेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. या विषयावर आपल्या भाषेत म्हणींचा किती सुकाळ आहे! चौथ्या शतकात अंत्युखियात संत योहान ख्रिसोस्तोम यांनी करिंथकरांस पहिल्या पत्रावर प्रवचने दिली. त्यांतील एका प्रवचनात ते पत्नीला मारणाऱ्या पतीवर कडाडून तुटून पडले आहेत. दासीवर हात टाकणेही ज्याला शोभत नाही, त्याने सहधर्मचारिणीवर हात उचलावा, ही त्यांना लाजिरवाणी गोष्ट वाटते. पण माझ्या मनात घर करून राहिले ते त्यांनी उभे केलेले गल्लीचे चित्र. घरातून किंकाळ्या ऐकू येतात आणि शेजारीपाजारी, वाटसरू धावत येतात, जणू आत एखादे श्वापद शिरले आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचे ते शेजारी धावत येत होते. आपण दूरदर्शनचा आवाज वाढवतो.

असे धावून जाणे आपल्या मुलखालाही परके नाही. इथून दोंडाईचा, सारंगखेड्याच्या वाटेने तापी ओलांडली की शहादे लागते. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पूर्वी ते आपल्या धुळे जिल्ह्यातच होते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तेथे भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे त्याच मातीतले कार्यकर्ते त्यात होते. लढा होता हिरावलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा. पण शिबिरांत स्त्रिया बोलू लागल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या यादीत नसलेला प्रश्न पुढे ठेवला. मजुरी वाढली तर ती गुत्त्यात जाईल आणि मार आम्हीच खाऊ, मग आम्हाला काय मिळाले? हा प्रश्न पुरुष पुढाऱ्यांना अवघड गेला असणार! स्त्रिया गटागटाने निघाल्या. गावोगावच्या दारूच्या भट्ट्यांवर जाऊन त्यांनी मडकी फोडली. कुठे बायकोला मारझोड झाल्याचे कळले की जमाव त्या घरी जाई आणि मारणाऱ्याला सगळ्यांसमोर बायकोची क्षमा मागायला लावी. या स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांच्याजवळ सूती लुगड्यांपलीकडे काही नव्हते, आणि त्या वेळी त्यांच्या बाजूने उभा राहील असा कायदाही नव्हता. भारतीय दंड संहितेत पतीच्या व सासरच्या क्रूरतेचे कलम ४९८-अ आले ते १९८३ साली, म्हणजे त्यानंतर दशकभराने. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.)

शहाद्याच्या बायकांनी दारू आणि मार यांची गाठ ओळखली होती, पण दारूला क्षमापत्र दिले नव्हते. भट्टी फोडून त्या थांबल्या नाहीत, त्या मारणाऱ्याच्या दारीही गेल्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दारूबंदीच्या सभेला अध्यक्ष सहज मिळतो. मारणाऱ्याच्या दारात जायला कोण येतो, ते एकदा विचारून पाहावे.

आता तिसरी समजूत. ती आपली, ख्रिस्ती घरांची, खास आहे आणि म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ थांबतो. 'फादर, हा माझा क्रूस आहे.' किती स्त्रियांनी हे वाक्य माझ्यासमोर उच्चारले असेल! आणि त्याला जोडूनच, 'आपल्यात लग्न मोडत नाही, म्हणून मला जाता येत नाही.' या दोन वाक्यांत दोन स्वतंत्र चुका आहेत.

प्रथम दुसरे वाक्य घेऊ. विवाहसंस्काराचे बंधन अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती मी मानतो. परंतु बंधन अतूट असणे म्हणजे मारणाऱ्याच्या घरातच राहिले पाहिजे, असे ख्रिस्तसभेने सांगितलेले नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचा ११५३ वा नियम स्पष्ट आहे. पतिपत्नींपैकी एकाकडून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर दुसऱ्याला विभक्त राहण्याचे रास्त कारण मिळते. त्यासाठी धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याचा निर्णय घ्यावा. आणि थांबण्यातच धोका असेल तर स्वतःच्या अधिकारानेही निघून जावे. १९१७ च्या जुन्या संहितेतही अशी तरतूद होतीच. म्हणजे आपल्या आज्यांनाही हा आधार होता, त्यांना तो कोणी सांगितला की नाही, कोण जाणे. पुढे २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी 'अमोरिस लेतित्सिया' या कुटुंबविषयक पत्रात यापुढचे पाऊल टाकले. दुर्बल जोडीदाराला आणि लहान मुलांना हिंसेपासून वाचवायचे असते, तेव्हा वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. परवानगी आणि आवश्यकता यांत अंतर आहे. ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे.

आता क्रूस. प्रमुख याजकासमोर प्रभू येशूची चौकशी चालली असता एका शिपायाने त्याला चपराक मारली, हा प्रसंग योहानाच्या सुवार्तेच्या अठराव्या अध्यायात आहे. त्या वेळी प्रभू गप्प बसला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने मारणाऱ्याला विचारले. पवित्र आठवड्यात आपण दरवर्षी हे दुःखसहन वाचतो, पण हे वाक्य कानांवरून निसटते. प्रभूने क्रूस जगाच्या तारणासाठी स्वेच्छेने उचलला. चपराक मात्र त्याने मुकाट्याने कर्तव्य म्हणून स्वीकारली नाही, तिचे कारण विचारले. स्वयंपाकात मीठ कमी पडले म्हणून बसलेल्या थपडेला क्रूस म्हणणे, हे मला क्रूसाचा अवमान केल्यासारखे वाटते.

संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातल्या पाचव्या अध्यायाचेही असेच होते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, एवढे लग्नाच्या जेवणावळीत प्रत्येक काकांना पाठ असते. त्याच्या आदल्याच ओवीत सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे म्हटले आहे, आणि पुढे पतीने पत्नीवर ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर केली तशी, म्हणजे प्राण देण्यापर्यंतची, प्रीती करावी असे सांगितले आहे. पुढचे ते काकांना आठवत नाही. मलाखी संदेष्ट्याचेही तेच. देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे, हे सांगणारे पुष्कळ. त्याच ओवीत हिंसेचाही तिटकारा सांगितला आहे, हे सांगणारे थोडे. आणि संत मोनिका! सहनशील पत्नीचा आदर्श म्हणून आपण तिचे नाव घेतो. संत ऑगस्टीन आईविषयी लिहिताना सांगतात की गावातल्या इतर बायकांच्या चेहऱ्यांवर मारल्याच्या खुणा असत. पण पात्रिक मोठा तापट असूनही त्याने मोनिकेला मारल्याचे कधी ऐकिवात आले नाही. मार खाणाऱ्या बाईपुढे मोनिकेचा दाखला ठेवणाऱ्याने एवढे तरी वाचलेले असावे.

आपल्या समाजाच्या वाट्याला नागरी कायदाही फार काळ कठोर आला. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे दुहेरी ओझे वाहावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने यातला अन्याय दूर केला आणि २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण मान्य झाले. या साऱ्या काळात क्रूरतेसाठी न्यायालयीन विभक्ती मागण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. ती आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक होती.

मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. याच्याविषयी ओट्यावर फार भीती बोलली जाते. म्हणे बाई एक कागद देते आणि अख्खे कुटुंब तुरुंगात जाते. हा कायदा मुळात तसा नाही. त्यात प्रथम न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात, मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला दे, असा. तो आदेश मोडला तर तो गुन्हा होतो. अर्जावर साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि साठ दिवसांत निकाल व्हावा अशी अपेक्षा कायद्यात लिहिलेली आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे सर्वांनाच माहीत आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, हातातली मजुरी काढून घेणे, हेही यात हिंसाच. पत्नीबरोबर आई, बहीण, मुलगी यांनाही याचा आधार घेता येतो. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. खोट्या तक्रारी मुळीच होत नाहीत असे मी म्हणणार नाही. खोटे दावे शेताच्या बांधावरूनही होतात. पण वर सांगितलेल्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्त्याहत्तर जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. जिथे न बोलणाऱ्यांची संख्या एवढी आहे, तिथे आपण चर्चा कशाची करतो, ते पाहण्यासारखे आहे.

'एवढा त्रास आहे तर ती निघून का जात नाही?' असे विचारणाऱ्याने तिची वाट एकदा चालून पाहावी. माहेरी भावजय आहे. शेत नवऱ्याच्या नावावर आहे. मुले शाळेत आहेत. कापूस वेचणीचे दिवस आहेत. शिवाय ती निघते, तेव्हाचे दिवसच तिला सर्वांत धोक्याचे असतात. सत्ता हातातून जाताना पाहून मारणाऱ्याचा हात अधिक जड होतो, हा जगभरच्या अभ्यासकांचा अनुभव आहे. म्हणून तिला रागाच्या भरात 'आजच नीघ' असे सांगणे आणि 'सोसत राहा' असे सांगणे, दोन्ही सल्ले देणाऱ्याला सोपे असतात. आणि दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालण्याची आपली आवडती पद्धत इथे उपयोगाची नाही. नवऱ्यादेखत ती काय बोलणार? जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री मोजावी लागेल. मी अशा वेळी दोघांना वेगवेगळे भेटतो, आणि तिची भेट शक्यतो एखाद्या धर्मभगिनीकडे सोपवतो.

मुलांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'मुलांसाठी सोसते' हे वाक्य आई प्रामाणिकपणे उच्चारते. पण मुले झोपलेली नसतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक मुलगा मला आठवतो. कोणाच्या हातून बाक पडले की तो सर्वांत आधी दाराकडे पाही. त्याची बहीण मात्र जागची हलत नसे, मान खाली घालून बसून राही. आई मार खाताना पाहिलेल्या मुलींच्या वाट्याला स्वतःच्या संसारातही मार येण्याचा संभव अधिक असतो, हे सर्वेक्षणे सांगतात. याच सर्वेक्षणात देशातील शंभरातील पंचेचाळीस स्त्रियांनी आणि चव्वेचाळीस पुरुषांनी काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानले. स्त्रियांचा आकडा एकाने का होईना, अधिकच! हे त्यांना कोणत्या शाळेने शिकवले नाही. त्या बाकाशेजारी मान खाली घालून बसलेली मुलगी ते शिकत होती.

समाजाचे नुकसान म्हणतात ते अशा घरांतूनच सुरू होते, आणि त्याचा हिशेब अगदी रोकडा असतो. दोंडाईच्याची मिरचीची बाजारपेठ सर्वांना माहीत आहे. मिरचीचे देठ खुडण्याच्या कामावर बायकाच असतात आणि जेवढे खुडावे तेवढी मजुरी मिळते. ऐन हंगामात मनगट मोडून प्लास्टर घातलेली एक स्त्री मी पाहिली. 'पाय घसरला' असे तिने मुकादमाला सांगितले होते. तिची हंगामाची मजुरी गेली, मोठ्या मुलीची शाळा स्वयंपाकासाठी सुटली, दवाखान्याचे कर्ज झाले. ते कर्ज फेडायला नवराही तिच्याबरोबर राबला.

तीच स्त्री पुढे वर्षभराने स्वतःहून बोलली. कोणी तिला पाठवले नव्हते. दोन शेजारणी बरोबर होत्या, त्यांतली एक मुसलमान. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज झाला, विधी सेवेचा वकील मिळाला. त्याने तिला घराबाहेर काढू नये आणि अंगाला हात लावू नये असा अंतरिम आदेश झाला. आता पुढच्या खोलीत ती व मुले राहतात, आणि तो मागच्या पडवीत. मोठी मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. रविवारी तो मिस्साला येतो आणि पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसतो; ती पुढे बसते. शांतीची खूण देताना दोघांनी एकमेकांकडे वळून पाहिलेले मला अद्याप दिसलेले नाही, आणि तसे करा असे मी सांगितलेलेही नाही. खर्चाच्या रकमेवर अजून वाद चालू आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे आणि त्या दोन्ही शेजारणी तिच्याबरोबर जाणार आहेत.